फाटक उघडलं, तेव्हा आत कोण राहिलं?

12 नोव्हेंबर 2010, शुक्रवार. म्यानमारमधल्या यांगूनमध्ये, म्हणजे जुन्या रंगूनमध्ये, दिवसभर एकच कुजबुज चालली होती: दॉ सूंच्या, म्हणजे लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू चींच्या, सुटकेच्या कागदावर सही झाली म्हणे. इन्या तलावाच्या काठी युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवर 54 क्रमांकाचं जुनं दुमजली घर आहे. तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलिसांनी घातलेल्या अडथळ्यांपाशी माणसं जमत गेली. 'आम्ही आंग सान सू चींच्या बाजूने' असं छापलेले टीशर्ट काहींनी घातले होते. साधं पत्रक वाटलं तरी माणसाला वर्षानुवर्षं आत घालणाऱ्या देशात असा टीशर्ट घालून रस्त्यावर उभं राहायला काय लागत असेल, याची कल्पना करून बघा. रात्र झाली, काहीच घडलं नाही, लोक घरी गेले. शनिवारी ते परत आले, आणि कालच्यापेक्षा जास्त संख्येने आले. संध्याकाळी पाचच्या सुमारास अधिकारी आत गेले, आदेश वाचून झाला, आणि पोलिसांनी रस्त्यावरचे काटेरी अडथळे बाजूला ओढले. लोक पळतच फाटकापाशी पोहोचले.

फाटकाच्या आतल्या बाजूने 65 वर्षांची एक किरकोळ अंगाची बाई वर आली. लोखंडी गजांची टोकं दोन्ही हातांनी धरून ती गर्दीकडे बघत राहिली. आवाज इतका होता की तिचं बोलणं कुणाला ऐकू जाईना. गर्दीतून कुणीतरी फूल दिलं, तिने ते केसात माळलं. मग ती थोडंसंच बोलली. गप्प राहायची वेळ असते तशी बोलायचीही असते, आता आपल्याला एकजुटीने काम करायचं आहे, उद्या पक्षाच्या कचेरीत या, असा त्या बोलण्याचा आशय होता. मागच्या 21 वर्षांतली 15 वर्षं तिने याच घरात कैदेत काढली होती.

राजकीय कैद्याची सुटका आणि लोकशाहीची आशा यांचा संबंध तपासायचा तर या प्रकरणाइतकं बोलकं प्रकरण अलीकडच्या आशियात दुसरं नाही, असं मला वाटतं. इथे एकाच माणसाची सुटका तीनदा झाली, तिन्ही वेळा आशा जागी झाली, आणि तिसऱ्या वेळी ती आशा खरोखर सत्तेपर्यंत पोहोचली. पुढे काय झालं ते आज सगळ्यांना माहीत आहे. पण ते का झालं हे समजून घ्यायला त्या शनिवारच्या संध्याकाळी दोन गोष्टी बघायला हव्या होत्या: कॅलेंडर, आणि अजून आत असलेल्यांची यादी. आपण बहुतेकांनी फक्त फाटक बघितलं.

कॅलेंडर कुणाचं होतं

थोडं मागे जाऊ. 1988 च्या वसंतात सू ची आजारी आईच्या शुश्रूषेसाठी ऑक्सफर्डहून रंगूनला आल्या. राजकारणाचा अनुभव म्हणावा तसा काहीच नव्हता. नाव मात्र होतं. ब्रह्मदेशाच्या स्वातंत्र्याचे शिल्पकार जनरल आंग सान यांची ही मुलगी. 1947 च्या जुलैत वडिलांची हत्या झाली तेव्हा ती दोन वर्षांची होती. आई भारतात राजदूत असताना तिचं शिक्षण दिल्लीत झालं, लेडी श्रीराम कॉलेजातून ती 1964 साली पदवीधर झाली. 8 ऑगस्ट 1988 ला देशभर उठाव झाला, लष्कराने तो गोळ्यांनी दडपला. 26 ऑगस्टला श्वेडगोन पॅगोडाच्या पश्चिम दरवाज्यापाशी लाखोंच्या सभेसमोर सू ची बोलल्या आणि त्या दिवसापासून त्या देशाच्या झाल्या. सप्टेंबरात लष्कराने सत्ता घेतली, त्याच महिन्यात नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी हा पक्ष स्थापन झाला. 20 जुलै 1989 ला त्या पहिल्यांदा नजरकैदेत गेल्या.

ज्या कायद्याखाली त्यांना ठेवलं तो 1975 चा. राज्याला धोका वाटणाऱ्या माणसाला खटल्याशिवाय कोंडून ठेवायची मुभा देणारा. आरोप नाही, साक्षीपुरावा नाही, वकील नाही. मुदत संपली की वाढवायची. 1990 च्या मे महिन्यात निवडणूक झाली आणि नेता घरात बंद असतानाही पक्षाने 485 पैकी 392 जागा जिंकल्या. लष्कराने निकाल बासनात गुंडाळून ठेवला. 1991 साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, तो घ्यायला त्या जाऊ शकल्या नाहीत.

पहिली सुटका जुलै 1995 मध्ये, दुसरी मे 2002 मध्ये. दोन्ही वेळा लोक फाटकापाशी जमले, दोन्ही वेळा वर्तमानपत्रांनी नवी पहाट वगैरे लिहिलं, आणि दोन्ही वेळा लष्कराला गर्दी डोईजड वाटली तशी कैद परत आली. दुसऱ्या वेळी तर 30 मे 2003 ला देपायिनजवळ त्यांच्या ताफ्यावर लाठ्याकाठ्यांनी सशस्त्र जमावाने हल्ला केला, त्यात अनेक समर्थक मारले गेले, आणि त्यानंतर आत गेलेल्या सू ची थेट 2010 मध्येच बाहेर आल्या. पहिल्या दोन सुटकांच्या मधल्या काळात, 1999 च्या मार्चमध्ये, पती मायकेल एरिस इंग्लंडमध्ये कर्करोगाने गेले. त्यांना शेवटची भेट घेता यावी म्हणून व्हिसा मागितला होता, तो लष्कराने दिला नाही. तुम्हीच जा की भेटायला, असं सू चींना सुचवण्यात आलं. गेल्या असत्या तर परत येऊ दिलं नसतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता तिसऱ्या सुटकेची तारीख बघा.

मे 2009 मध्ये एक अमेरिकन माणूस तलाव पोहून त्यांच्या घरात शिरला आणि दोन दिवस राहिला. त्याला घरात थारा दिला म्हणून सू चींवर इन्सेन तुरुंगात खटला चालला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने तीन वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. जेमतेम पाच मिनिटं गेली असतील, गृहमंत्री न्यायालयात येऊन उभे राहिले आणि सर्वेसर्वा जनरल थान श्वे यांचा आदेश वाचू लागले: शिक्षा अर्धी, ती घरीच भोगायची. मे महिन्यातल्या अटकेपासून मोजून अठरा महिने. म्हणजे सुटका 13 नोव्हेंबर 2010 ला. आणि सार्वत्रिक निवडणूक कधी? 7 नोव्हेंबर 2010 ला.

सहा दिवसांचं हे अंतर या प्रकरणाचं मर्म आहे. निवडणूक होईपर्यंत ती आत असायला हवी होती, ती होती. मार्च 2010 मध्ये पक्षनोंदणीचा नवा कायदा आला. शिक्षा भोगत असलेली व्यक्ती पक्षाची सदस्य असू शकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. पक्षापुढे दोनच वाटा उरल्या, एक तर आपल्या नेत्याला काढून टाका, नाही तर नोंदणीच करू नका. पक्षाने दुसरी वाट धरली आणि तो कायद्याच्या लेखी संपला. निवडणुकीत परदेशी निरीक्षक नव्हते, परदेशी पत्रकार नव्हते, आणि लष्कराने उभा केलेला पक्ष प्रचंड बहुमताने जिंकला. तुरुंगाचं दार उघडलं ते हे सगळं पार पडल्यावर.

त्याहून मोठं कुलूप दोन वर्षं आधीच लागलेलं होतं. मे 2008 मध्ये नर्गिस चक्रीवादळाने इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात थैमान घातलं. मृत आणि बेपत्ता मिळून आकडा एक लाख अडतीस हजारांच्या घरात जातो. प्रेतं अजून पाण्यात होती, आणि वादळानंतर आठवड्याभरात, 10 मे रोजी, लष्कराने नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेतलं. वादळग्रस्त भागात ते दोन आठवडे पुढे ढकललं, एवढीच काय ती दया. 92 टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिल्याचं जाहीर झालं. या घटनेत संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या चौथाई जागा लष्कराच्या: खालच्या सभागृहात 440 पैकी 110, वरच्या सभागृहात 224 पैकी 56. घटना बदलायला 75 टक्क्यांपेक्षा जास्त मतं हवीत. साधी वजाबाकी केली की कळतं, लष्कराच्या एका तरी माणसाने हात वर केल्याशिवाय स्वल्पविरामही हलणार नाही. संरक्षण, गृह आणि सीमाभाग ही तीन खाती सरसेनापतीने नेमलेल्या माणसांकडे. आणि ज्याची मुलं परदेशी नागरिक आहेत त्याला राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही, असं 59 (च) सारखं कलम. दोन ब्रिटिश मुलगे असलेली एकच मोठी नेता देशात होती.

लष्कराने याला एक नाव दिलं होतं: शिस्तीत बहरणारी लोकशाही. 2003 साली जाहीर झालेल्या सात टप्प्यांच्या आराखड्यातले हे शब्द. सू चींची सुटका त्या टप्प्यांत कुठेच नव्हती, पण आराखडा पुरा होत आल्यावर ती परवडण्यासारखी होती.

म्हणून कोणत्याही देशात राजकीय कैदी सुटला की मी आधी हे बघते: तुरुंग चालवणाऱ्याला आज हा माणूस बाहेर का परवडतो? उत्तर दोन प्रकारचं असतं. एक तर तो इतका कमकुवत झाला आहे की ठेवून घेणं झेपत नाही, नाही तर त्याने आपली तटबंदी इतकी पक्की केली आहे की एक माणूस बाहेर गेल्याने फरक पडत नाही. 2010 चा म्यानमार सरळसरळ दुसऱ्या प्रकारात मोडत होता. निर्बंधांचा जाच होता, चीनवर फार विसंबावं लागतं ही सेनापतींची सलही होती, हे खरं. पण थान श्वे हरले म्हणून फाटक उघडलं असं समजणं ही चूक होती, आणि ती चूक करणाऱ्यांत चांगली चांगली सरकारं होती.

निळा सदरा

त्या दिवशी देशातल्या तुरुंगांत दोन हजारांहून जास्त राजकीय कैदी होते. सरकारच्या मते एकही नव्हता. त्यांच्या लेखी हे सगळे फौजदारी गुन्हेगार होते, आणि कागदावर ते खरंही होतं, कारण कलमं तशीच लावलेली. इथे मराठी वाचकाने जरा थांबावं. म्यानमारचा दंडविधान म्हणजे 1860 चा आपलाच भारतीय दंडविधान, इंग्रजांनी तिकडे नेलेला. टिळकांना 1908 साली ज्या राजद्रोहाच्या कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला नेण्यात आलं, ते कलमही त्याच घरचं. बेकायदा संघटनांविरुद्धचा 1908 चा कायदा, गोपनीयतेचा 1923 चा कायदा, हे सगळं साहेबाने मागे ठेवलं आणि सेनापतींनी जपून वापरलं.

आत कोण होते? 1988 च्या विद्यार्थी उठावाचे नेते मिन को नाइंग, 65 वर्षांची शिक्षा झालेले. विनोदवीर झार्गानार, ज्यांचा गुन्हा म्हणजे नर्गिसग्रस्तांना मदत नेणं आणि सरकार मदत करत नाही हे परदेशी माध्यमांना सांगणं; त्यांची 59 वर्षांची शिक्षा पुढे 35 वर आणली गेली. आणि फ्यो झेया थॉ नावाचा एक हिपहॉप गायक. 2007 साली इंधनाचे भाव एका रात्रीत वाढवल्यावर भिक्षू रस्त्यावर उतरले, त्या भगव्या उठावानंतर त्याने मित्रांबरोबर तरुणांचा एक गट काढला होता. भिंतींवर घोषणा, गाण्यांच्या सीडी, हातोहात वाटलेली पत्रकं असं काम. 2008 च्या मार्चमध्ये त्याला पकडलं. सू ची फाटकापाशी उभ्या होत्या तेव्हा तो कोठडीत होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक माणूस मात्र बाहेर होता. विन तिन. पत्रकार, पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, आणि 19 वर्षं तुरुंगात काढून सप्टेंबर 2008 मध्ये सुटलेले. तुरुंगातल्या कैद्यांचा सदरा निळा असतो. सुटल्यावर विन तिन यांनी निळा सदरा घालणं सोडलं नाही. शेवटचा राजकीय कैदी बाहेर येत नाही तोवर मीही कैदीच, असं ते म्हणायचे. परदेशी पाहुणा येवो, पक्षाची बैठक असो, अंगात निळाच सदरा. सू चींचा त्यांनी अतोनात आदर केला आणि लष्कराशी जुळवून घेण्याच्या त्यांच्या पवित्र्यावर उघड टीकाही केली. 2014 च्या एप्रिलमध्ये, 84 व्या वर्षी, ते वारले. सदरा तोवर निळाच होता.

हा सदरा मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अचूक मोजमाप वाटतो. फाटकापाशीच्या फोटोत आशा दिसते. सदरा विचारतो, अजून किती जण आत आहेत आणि त्यांना आत ठेवणारा कायदा जागेवर आहे का.

आशा कामाला लागते

पण आशा फसवी होती असं म्हणून हात झटकणं हाही त्या लोकांवर अन्यायच होईल. 2011 ते 2015 या वर्षांत म्यानमारमध्ये जे घडलं ते खरं होतं.

सुटकेनंतर दहा दिवसांनी धाकटा मुलगा किम यांगूनच्या विमानतळावर उतरला. मायलेक दहा वर्षांनी भेटत होते. त्याने दंड पुढे केला. त्यावर पक्षाचं निशाण गोंदलेलं होतं, झुंजणारा मोर आणि तारा. लष्करी राजवटीच्या विमानतळावर, सगळ्यांच्या देखत. पुढच्या आठवड्यांत पक्षाच्या कचेरीत अशीच धिटाई पसरत गेली. कचेरी म्हणजे रस्त्यालगतची एक जुनाट इमारत, कायद्याच्या लेखी अस्तित्वात नसलेल्या पक्षाची. तिथे लोक येऊन एड्सच्या रुग्णांपासून जमीन गेलेल्या शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांचं गाऱ्हाणं मांडत.

मार्च 2011 मध्ये थान श्वे बाजूला झाले, माजी जनरल थेन सेन राष्ट्राध्यक्ष झाले. 19 ऑगस्टला त्यांनी सू चींना नव्या राजधानीत, नेपिडॉला बोलावलं आणि दोघांनी जनरल आंग सान यांच्या तसबिरीखाली उभं राहून फोटो काढला. ज्या वडिलांची प्रतिमा लष्कराने वर्षानुवर्षं नोटांवरून, भिंतींवरून दूर सारली होती, तीच तिथे मुद्दाम टांगलेली होती. सप्टेंबरअखेर थेन सेन यांनी चीनच्या पैशांनी होत असलेलं मित्सोन धरण लोकांच्या विरोधामुळे थांबवलं. ऑक्टोबरात झार्गानार सुटले, 13 जानेवारी 2012 ला मिन को नाइंग यांच्यासह शेकडो जण बाहेर आले. ऑगस्ट 2012 पासून मजकूर छापण्याआधी सेन्सॉरकडे नेणं बंद झालं. जे सिमकार्ड घेणं सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हतं, ते 2014 साली परदेशी कंपन्या आल्यावर दीड हजार च्याटला (च्याट म्हणजे तिथलं चलन) मिळू लागलं. हे शेवटचं वाक्य सुधारणांच्या यादीत नेहमी मागे पडतं, पण 2021 मध्ये जी पिढी रस्त्यावर आली ती याच सिमकार्डांवर वाढलेली.

फ्यो झेया थॉ मे 2011 मध्ये सुटला. 1 एप्रिल 2012 च्या पोटनिवडणुकीत पुन्हा नोंदणी केलेल्या पक्षाने 44 उमेदवार दिले, 43 निवडून आले. सू ची कॉह्मूतून, आणि झेया थॉ चक्क नेपिडॉतल्या एका मतदारसंघातून, सेनापतींनी आपल्यासाठी रानात वसवलेल्या राजधानीतून. सरकारी नोकर आणि सैनिकांची कुटुंबं राहतात तिथे काल-परवाचा कैदी जिंकतो, यापेक्षा मोठा कौल काय हवा?

पण कुलपं होती तशीच होती. 'राज्यघटनेचं जतन करीन' अशी शपथ सदस्यांना घ्यायची होती. पक्षाचं म्हणणं 'आदर राखीन' असा शब्द करा. या एका शब्दावर दहा-बारा दिवस अडलं, शेवटी पक्षाने मान तुकवली आणि 2 मे 2012 ला जी घटना बदलायची म्हणून निवडून आले तिच्याच जतनाची शपथ त्यांनी घेतली. तेव्हा ती व्यवहारी तडजोड वाटली होती. आज ते वाचताना घसा कोरडा पडतो.

सुटलेल्या कैद्यांच्या कागदावरही बारीक अक्षरात काही होतं. अनेकांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 401 कलमाखाली सोडलं होतं. शिक्षा माफ झालेली नव्हती, स्थगित झाली होती. परत 'गुन्हा' केलात तर उरलेली वर्षं भोगायला या. पासष्टपैकी पाच वर्षं भोगून सुटलेला माणूस उरलेली साठ वर्षं डोक्यावर घेऊन फिरत होता. याला सुटका म्हणायचं की लांब दोरीची कैद?

आणि यांगूनमध्ये आनंद चालू असताना उत्तरेकडे, जून 2011 मध्ये, 17 वर्षांची युद्धबंदी मोडून काचिन प्रांतात लढाई पेटली. काचिन लोकांसाठी त्या वर्षांची आठवण सुधारणांची नाही, छावण्यांची आहे. जून 2012 मध्ये राखाइनमध्ये रोहिंग्यांविरुद्ध हिंसाचार उसळला. हे आशेच्या गोष्टीतले अपवाद म्हणून तळटीपेत टाकले गेले. ती तळटीप नव्हती.

आपलं सरकार या सगळ्यात कुठे होतं? 1993 सालचा नेहरू पुरस्कार भारताने सू चींना दिला, आणि त्याच दशकात सेनापतींशी हातमिळवणीही सुरू केली. सुटकेच्या चारच महिने आधी थान श्वे यांनी दिल्लीत येऊन राजघाटावर पुष्पचक्र वाहिलं. नोव्हेंबर 2012 मध्ये दिल्लीत व्याख्यान देताना सू चींनी हे दुःख सौम्य शब्दांत बोलून दाखवलं: आमच्या कठीण दिवसांत भारत आमच्यापासून दुरावला. दिल्लीत जिचं तरुणपण गेलं तिच्या तोंडून हे ऐकणं भारतीय म्हणून लाजिरवाणं होतं.

कैदी सत्तेत

या भागाबद्दल लिहायला मला सर्वांत जास्त जड जातं.

पहिली ठेच 2013 च्या मार्चमध्ये लागली. त्याआधी नोव्हेंबर 2012 मध्ये लेपाडाँगच्या तांब्याच्या खाणीविरुद्ध गावकरी आणि भिक्षू बसले होते, पोलिसांनी त्यांच्यावर पांढऱ्या फॉस्फरसचे गोळे टाकले, भिक्षूंची अंगं भाजली. चौकशी समितीच्या अध्यक्ष सू ची. समितीने पोलिसांवर ठपका ठेवला पण खाण चालू ठेवा म्हटलं. सू ची स्वतः गावात समजवायला गेल्या तेव्हा बायका रस्त्यावर उभ्या राहून त्यांच्यावर ओरडल्या, रडल्या. त्यांच्या आयुष्यात लोकांनी असं तोंडावर सुनावण्याची ही पहिलीच वेळ असावी.

8 नोव्हेंबर 2015 ला पक्षाने निवडून द्यायच्या जागांपैकी जवळपास ऐंशी टक्के जिंकल्या. राष्ट्राध्यक्षपदाची वाट बंद, म्हणून 'राज्य सल्लागार' असं नवंच पद तयार झालं. या युक्तीमागे पक्षाचे वकील को नी यांचं डोकं होतं असं मानलं जातं. एप्रिल 2016 मध्ये पदावर आल्यावर सू चींचा पहिला निर्णय होता आंदोलक विद्यार्थ्यांवरचे खटले मागे घेण्याचा, आणि दुसऱ्याच दिवशी 69 जण सुटले. विन तिन असते तर त्यांनी सदऱ्याचं एक बटण तरी सैल केलं असतं.

मग हळूहळू सगळं गढूळ झालं. दूरसंचार कायद्याच्या 66 (घ) कलमाखाली फेसबुकवरच्या मजकुरासाठी लोकांना आत टाकणं त्यांच्या काळात वाढलं. 29 जानेवारी 2017 ला यांगून विमानतळाबाहेर, नातवाला कडेवर घेऊन उभे असताना, को नी यांच्या डोक्यात गोळी घातली गेली. मारेकऱ्यामागे धावलेला एक टॅक्सीचालकही मारला गेला. को नी मुसलमान होते आणि घटना बदलण्याच्या कामात गुंतलेले होते. त्यांच्या अंत्ययात्रेला सू ची गेल्या नाहीत.

ऑगस्ट 2017 नंतर लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून जास्त रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले. दहा रोहिंग्या पुरुषांच्या हत्येचा छडा लावणाऱ्या रॉयटर्सच्या दोन वार्ताहरांना, वा लोन आणि क्याव सो ऊ यांना, गोपनीयतेच्या त्याच 1923 च्या कायद्याखाली सात वर्षांची शिक्षा झाली. सू चींनी सांगितलं की ते पत्रकार म्हणून आत नाहीत, कायदा मोडला म्हणून आत आहेत. हेच वाक्य त्यांच्याबद्दल, विन तिन यांच्याबद्दल, मिन को नाइंग यांच्याबद्दल सेनापती वीस वर्षं म्हणत आले होते. डिसेंबर 2019 मध्ये त्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभ्या राहिल्या, लष्करावरच्या नरसंहाराच्या आरोपाचं खंडन करायला.

यावर दोन उत्तरं दिली जातात. एक, तिचे हात बांधलेले होते. लष्कराला आवरणं घटनेनुसार तिच्या हातात नव्हतंच, हे शंभर टक्के खरं. दुसरं, ती आधीपासून अशीच होती, लोकांना दिसली नाही. माझं मत असं की हात बांधलेले असले तरी तोंड बांधलेलं नव्हतं. वार्ताहरांबद्दलचं ते वाक्य बोलायला कोणत्याही कलमाने भाग पाडलं नव्हतं. पण तितकाच दोष आपला, बाहेरून बघणाऱ्यांचा. आपण तिच्या सुटकेलाच देशाची सुटका समजलो. मग ती चुकली तेव्हा तिला अडवायला ना मोकळं न्यायालय उभं होतं, ना बदललेला दंडविधान.

परत तेच

नोव्हेंबर 2020 च्या निवडणुकीत पक्षाने 2015 पेक्षाही जास्त जागा घेतल्या. 1 फेब्रुवारी 2021 ला, नवी संसद भरायच्या दिवशीच पहाटे, सरसेनापती मिन आँग हलाइंग यांनी सत्ता घेतली. सू ची पुन्हा कैदेत गेल्या. पहिला आरोप होता बेकायदा आयात केलेले वॉकीटॉकी बाळगल्याचा. एकामागून एक खटले चालवून शिक्षा 33 वर्षांवर नेली, ऑगस्ट 2023 मध्ये ती 27 केली.

या वेळी मात्र लोक फाटकापाशी थांबले नाहीत. रात्री आठला घराघरांतून भांडी वाजू लागली. डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कामगार कामावर जायचे थांबले. एप्रिलमध्ये भूमिगत राष्ट्रीय एकता सरकार उभं राहिलं आणि 3 जूनला त्याने रोहिंग्यांना त्यांच्या नावाने हाक मारून त्यांना नागरिक न मानणारा 1982 चा नागरिकत्व कायदा रद्द करण्याचं वचन दिलं. सू चींच्या पक्षाला सत्तेत असताना जो शब्द उच्चारवत नव्हता तो त्याच पक्षातल्या लोकांनी रानात आणि परदेशात बसून उच्चारला. आमचं चुकलं, असं समाजमाध्यमांवर रोहिंग्यांना उद्देशून लिहिणाऱ्यांत 2010 साली शाळेत असलेली मुलं होती. चिन टेकड्यांमधून हजारो माणसं मिझोराममध्ये आली आणि मिझो लोकांनी दिल्लीच्या सूचनेची वाट न बघता त्यांना घरात घेतलं.

फ्यो झेया थॉ दोन वेळा खासदार झाला होता. सत्तापालटानंतर तो भूमिगत झाला, नोव्हेंबर 2021 मध्ये पकडला गेला, जानेवारीत लष्करी न्यायालयाने मृत्युदंड सुनावला. 22 जुलै 2022, शुक्रवारी, इन्सेन तुरुंगातून त्याला आईशी व्हिडिओवर बोलू दिलं. तो हसतखेळत होता, तब्येत बरी दिसत होती. त्याने वाचायचा चष्मा मागितला, एक शब्दकोश मागितला, आणि थोडे वरखर्चाचे पैसे. सोमवारी आई ते सगळं घेऊन तुरुंगावर गेली. त्याच सकाळी सरकारी वर्तमानपत्रात छापून आलं होतं की तिच्या मुलाला आणि इतर तिघांना फाशी दिली.